दर्याची वाटणी (लेखांक चौथा) : वहिवाट की सान्निध्य?

समुद्रातील मत्स्यसाठ्याचा अंदाज शास्त्रज्ञ कसा बांधतात, हे मागील लेखांकात पाहिले. त्या साठ्यातून वर्षाकाठी किती मासळी काढावी, हा हिशेब शास्त्राचा. परंतु काढलेल्या मासळीपैकी कोणाच्या होडीत किती पडावी, हा प्रश्न न्यायाचा, आणि म्हणूनच अधिक बिकट. बारवी धरणातून कोणत्या शहराला दररोज किती दशलक्ष लिटर पाणी द्यावयाचे हे कागदोपत्री ठरलेले असूनही, उन्हाळ्यात कपात जाहीर झाली म्हणजे ती कोणी किती सोसावी यावरून जी धुसफूस होते, ती पाहिलेल्या बदलापूरकरांना या प्रश्नाचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको.

आपल्या गावाजवळून वाहणारी उल्हास पुढे वसईच्या खाडीला मिळते, आणि त्या खाडीच्या मुखाशी राहणारे मच्छीमार कैक वर्षे अशाच एका तंट्यात पक्षकार आहेत. वसई, अर्नाळा, उत्तन या बाजूची मासेमारी मुख्यतः डोल जाळ्याची. समुद्रतळात खुंट रोवून, म्हणजे कव मारून, त्याला पिशवीसारखे जाळे बांधावयाचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपसूक त्यात यावी, अशी ही पद्धत. सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांची भिस्त मात्र पापलेटासाठी प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जाळ्यांवर. दक्षिणेकडच्या कवी सरकत सरकत पालघर-डहाणूसमोरच्या समुद्रात गेल्या, वाहती जाळी त्यांत अडकून फाटू लागली, आणि सरकारदरबारी अर्जविनंत्यांचे दप्तर फुगत गेले. सातपाटीकर म्हणतात, आमच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र आमचा. वसईकर म्हणतात, समुद्राला सातबारा नसतो, जेथे आम्ही वर्षानुवर्षे कव मारीत आलो तेथील वहिवाट आमची.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, येथे गरीब कोळी आणि धनाढ्य ट्रॉलरवाला असा सोपा सामना नाही. दोन्ही पक्ष पिढीजात मच्छीमार आहेत, आणि दोघांचेही म्हणणे ऐकणाऱ्याला पटते. साता समुद्रांपलीकडील मुत्सद्दीही याहून वेगळे काही बोलत नाहीत. युरोपीय समुदायाने १९८३ मध्ये आपल्या कोट्याची वाटणी केली ती प्रामुख्याने १९७३ ते १९७८ या काळात कोणत्या देशाने किती मासळी धरली होती त्या आधारावर, म्हणजे मुख्यतः वहिवाटीवर; आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनने २०२० मध्ये हट्ट धरला तो सान्निध्याचा, म्हणजे मासा ज्याच्या समुद्रात राहतो त्याचा वाटा मोठा, या तत्त्वाचा. शेवटी ब्रिटिश समुद्रात युरोपीय होड्या धरीत असलेल्या मासळीपैकी मूल्याने २५ टक्के हिस्सा टप्प्याटप्प्याने ब्रिटनकडे वळवावा, अशी तडजोड झाली.

आपल्याकडे मात्र मासळीचा असा कोटाच नाही. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने वाटणी केली ती जागेची, ऋतूची आणि जाळ्यांची. धरलेल्या माशांची नव्हे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत अंमल राज्याचा, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. १ जून ते ३१ जुलै बंदी यांत्रिक नौकांना. कोट्याच्या सर्वांत जवळ आपण आलो ते पर्ससीन मासेमारीवरील सोमवंशी समितीच्या अहवालानंतर, ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने, ज्यात थव्याला वेढा घालून धरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवून परवान्यांची संख्या क्रमाने १८२ पर्यंत उतरविण्याचे ठरले. पण परवाने मोजणे म्हणजे मासळी मोजणे नव्हे. इंजिनाची ताकद वाढविली, मासळीचा थवा हुडकणारे यंत्र बसविले, की एकच नौका दोघींचे काम करते आणि परवान्यांचा आकडा मात्र कागदावर निर्दोष राहतो.

तर मग सरळ कोटा का नको? आक्षेप वजनदार आहे. नॉर्वेच्या कॉडप्रमाणे एकेका जातीचे वेगळे थवे आपल्याकडे क्वचित. डोल जाळ्याच्या एका खेपेत बोंबील, जवळा, मांदेली आणि पापलेटाची पिल्लेही एकत्र येतात, तेव्हा पापलेटाचा कोटा संपला म्हणून जाळ्याने कोणते मासे गाळावेत? म्हणून प्रत्येक जातीचा कोटा मला अव्यवहार्य वाटतो. परंतु बांगडा आणि तारली या थव्याने फिरणाऱ्या मासळीला हा आक्षेप तितकासा लागू पडत नाही, आणि पर्ससीनचा व किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या रापणीचा झगडा नेमका त्यांच्याचसाठी आहे.

तेथे नॉर्वेचा एक जुना दंडक अनुकरणीय वाटतो. कॉडचा एकूण कोटा लहान असेल त्या वर्षी ट्रॉलरांचा हिस्सा सुमारे २८ टक्क्यांवर उतरावयाचा, मोठा असेल तेव्हा ३३ टक्क्यांपर्यंत चढावयाचा. म्हणजे टंचाईची झळ आधी मोठ्या नौकेला लागे. पर्ससीनधारकांच्या डोक्यावरही कर्जे आहेत आणि त्यांच्या नौकांवरील खलाशांनाही पोट आहे, हे मान्य करूनही माझे मत असे की, दुष्काळी वर्षी पहिली कपात त्यांचीच व्हावी. कारण मोठी नौका दूर जाऊ शकते, रापणीला किनारा सोडता येत नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक बंदरावर उतरलेल्या मासळीची रोजच्या रोज, नौकेगणिक नोंद लागेल. ती आज बंधनकारक केल्याखेरीज वहिवाट आणि सान्निध्य यांपैकी कोणत्याच तत्त्वाने निवाडा करता येणार नाही. पापलेटाच्या किमान आकाराचा नियम आणि बाजारात पिल्ले विकत घेणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांची जबाबदारी, यांचा विचार पुढील लेखांकात करू.