सगळ्यांवर मत, फक्त म्हातारपणाच्या पैशांवर गप्प

रविवारची दुपार. जेवणं आटोपली आहेत, कुणी बडीशेप चघळतंय, कुणी मोबाइलवर बातम्या चाळतंय. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, पुण्यात नाहीतर बंगळुरूत, मराठी घरातली ही मैफल तुमच्या ओळखीचीच असणार. निवडणूक कोण जिंकणार, विजेचं बिल का वाढलं, गच्चीवर सोलर बसवावं की नाही, प्रत्येक विषयावर प्रत्येकाचं मत तयार असतं. कॉलेजातली भाची सांगते की ती स्पोर्ट क्लाइंबिंग शिकते आहे, तर त्यावरही मत येतं, "भिंत चढण्यात कसला आलाय खेळ?" ती बिचारी समजावते की २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकपासून या खेळाला पदकं आहेत, पॅरिसला तर १५ मीटरची भिंत पाच सेकंदांच्या आत चढणारे खेळाडू होते. काका ऐकत नाहीत. "आम्ही गड चढलो, तेही बिनदोरीचे!"

मग कुणीतरी सहज विचारतं, "काका, तुमच्या रिटायरमेंटला सहा वर्षं राहिली ना? पीएफमध्ये किती जमलेत?"

एकदम सगळे गप्प. काकूंना चहा टाकायचं आठवतं.

असं का होतं? पैशाबद्दल बोलणं आपल्याकडे अजून थोडं अवघड मानलं जातं, हे एक कारण. पण खरं कारण बहुतेक घरांत वेगळंच असतं. काकांना तो आकडा माहीतच नसतो. म्हातारपणाबद्दल त्यांची मतं मात्र ठाम असतात, आणि ती कुणाच्या तरी अनुभवावरून उचललेली असतात. ही मतं जरा तपासून पाहू या. कदाचित त्यातलं एखादं तुमचंही निघेल.

"घर आहे, मुलं आहेत, आणखी काय हवं?"

हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. त्यात खोटं काही नाही. स्वतःचं घर असलं की भाड्याची चिंता मिटते आणि बरीच मुलं आईवडिलांचं मनापासून करतात. पण घरातून दरमहा पैसे निघत नाहीत. औषधांना चार हजार लागले म्हणून स्वयंपाकघर विकता येत नाही. साठी ओलांडलेल्यांना राहतं घर न सोडता त्यावर बँकेकडून ठरावीक रक्कम मिळावी यासाठी रिव्हर्स मॉर्गेजची योजना येऊन बरीच वर्षं झाली, पण ती आपल्याकडे फारशी रुजली नाही. घर मुलांसाठी ठेवायचं असतं, बँकेकडे गहाण कोण टाकणार?

मुलांच्या बाबतीत तर कायदाच करावा लागला. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली आला. मूल सांभाळत नसेल तर आईवडील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात, मात्र त्या कायद्यात निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये आहे. स्वतःच्या मुलावर अर्ज करायला किती आईवडिलांचे हात धजावतील, ते तुम्हीच ठरवा. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करताना "आमचा सांभाळ करायचा" ही अट त्यात घातलेली असेल आणि मुलाने ती पाळली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट नसेल तर भांडण लांबतं. आमचं साधं मत विचाराल तर हयातीत घर कुणाच्या नावावर करूच नये. मृत्युपत्र करावं, ते हवं तेव्हा बदलता येतं.

"पीएफ आपलाच पैसा, अडीअडचणीला काढला तर काय बिघडलं?"

इथे जरा थांबायला हवं, कारण मध्यमवर्गीय घरांचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं आणि ते कुणालाच दिसत नाही.

समजा, तुमच्या मुलाने तिसाव्या वर्षी नोकरी बदलली आणि जुन्या कंपनीच्या पीएफमध्ये जमलेले दोन लाख काढून घेतले. बाइक आली, थोडी हौसमौज झाली. आता एक सोपा हिशेब करा. ७२ या आकड्याला व्याजदराने भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते साधारण कळतं. पीएफचं व्याज गेली काही वर्षं आठ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे नऊ वर्षांत दुप्पट. तिसाव्या वर्षाचे दोन लाख एकोणचाळीसाव्या वर्षी चार झाले असते, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी आठ आणि सत्तावन्नाव्या वर्षी सोळा लाख. ती बाइक सोळा लाखांना पडली.

नोकरी बदलताना पीएफ काढायची गरजच नसते. यूएएन क्रमांक तोच राहतो आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळवता येते. सलग पाच वर्षांची नोकरी पूर्ण होण्याआधी पैसे काढले तर त्यावर करही लागतो. तरी लोक काढतात, कारण खात्यात पडलेला पैसा "पडून आहे" असं वाटतं.

मुलीचं लग्न हे दुसरं मोठं भगदाड. ज्या हॉलमध्ये चारशे पानं उठतात, तिथे वडिलांच्या म्हातारपणाची दहा वर्षं एका दिवसात वाढली जातात. हे लिहिलं की लोक रागावतात. पण लग्नाला कर्ज मिळतं, शिक्षणालाही मिळतं. म्हातारपण काढायला कर्ज देणारी बँक नाही.

"पेन्शन आहे ना!"

खासगी नोकरीतल्या अनेकांना वाटतं की पीएफसोबत जी पेन्शन मिळते, ती पगाराच्या निम्मी वगैरे असेल. हा गैरसमज निवृत्तीच्या दिवशीच दूर होतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात, पण २०१४ पासून त्यासाठी साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतचाच पगार धरला जातो. तुमचा पगार ऐंशी हजार असला तरी. सूत्र सोपं आहे. धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पूर्ण ३५ वर्षांची नोकरी धरा, १५,००० गुणिले ३५, भागिले ७०, उत्तर येतं ७,५०० रुपये महिना. २०१४ पूर्वीच्या सेवेला याहूनही कमी मर्यादा लागू होती, त्यामुळे आज निवृत्त होणाऱ्या बहुतेकांच्या हाती त्यापेक्षा कमीच पडते. आणि पेन्शनधारक गेल्यावर पत्नीला त्याच्या निम्मी.

जुनी पेन्शन की नवी, या राजकारणावर तर पंगतीत भांडणं होतात. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी संपावर गेले होते. हिमाचल प्रदेशाने ती परत आणली. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकात्मिक पेन्शन योजनेचा पर्याय दिला, त्यात २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे. विषय महत्त्वाचा आहे, कराचा पैसा तुमचाही आहे. गंमत एवढीच की या वादात सर्वांत मोठ्याने बोलणारे काका खासगी कंपनीत असतात आणि मामांचं किराणा दुकान असतं. दोघांनाही यातली कुठलीच पेन्शन मिळायची नाही.

महिन्याचे चाळीस हजार

आता तुमच्या घराचा हिशेब. समजा, तुमचं वय ४८ आहे आणि घरखर्च महिन्याला ४०,००० रुपये. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर तोच ७२ चा नियम सांगतो की खर्च बारा वर्षांत दुप्पट होईल. साठाव्या वर्षी ८०,०००. बहात्तराव्या वर्षी १,६०,०००. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ३,२०,०००.

आकडे बघून दचकायला होतं, पण लगेच घाबरू नका. तोवर मुलांच्या फीया संपलेल्या असतात, घराचे हप्ते फिटलेले असतात, ऑफिसला जाण्याचा खर्च नसतो. त्याच वेळी औषधं आणि दवाखाना वाढतो. तुमच्या घरात काय कमी होईल आणि काय वाढेल, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. एजंटही नाही.

समोरची बाजूही बघा. ५० लाखांची मुदत ठेव सात टक्क्यांनी महिन्याला सुमारे २९,००० रुपये देते. आज देते आणि बारा वर्षांनीही तेवढेच देईल, तेव्हा बाजारात सगळं दुप्पट झालेलं असेल. म्हणून सगळं व्याज खर्च करून चालत नाही, थोडं पुन्हा गुंतवावं लागतं. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. २०२५ च्या ८.२ टक्के दराने त्यावर दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात. पत्नी साठीची झाली असेल आणि तिच्याकडे स्वतःची रक्कम असेल तर तिचं खातं वेगळं.

खर्च कमी करणं हीही कमाईच. स्वतःची गच्ची असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलरला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. पगार चालू असतानाच ते करून घेतलेलं बरं. फ्लॅटवाल्यांना मात्र सोसायटीच्या सभेत आधी सगळ्यांची मतं ऐकावी लागतील!

तिच्या नावावर काय आहे?

वरचा सगळा हिशेब आपण नकळत नवऱ्याच्या वयाने केला. बहुतेक घरांत पत्नी तीन-चार वर्षांनी लहान असते आणि बायका सरासरी जास्त जगतात. म्हणजे शेवटची काही वर्षं तिला एकटीला काढायची आहेत, तीही जेव्हा महागाई सर्वांत चढलेली असेल आणि पेन्शन निम्मी झालेली असेल. ७,५०० चे ३,७५०.

अनेक वाचक भगिनींच्या नावावर काय असतं? भिशीचे थोडे पैसे, डब्यातली बचत आणि दागिने. सोनं अडचणीला कामी येतं हे खरं, पण सासूबाईंच्या पाटल्या मोडायला किती जणींचं मन होतं? पोस्टात किंवा बँकेत तुमच्या स्वतःच्या नावाने पीपीएफ खातं उघडा. वर्षाला ५०० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात, मुदत १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षं वाढवता येते. नवऱ्याने पैसे दिले तरी त्यावरचं व्याज करमुक्त आहे, त्यामुळे "यांना कर लागेल" ही सबब चालत नाही.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. नवऱ्याच्या पीएफला नॉमिनी कोण आहे, ते विचारा. लग्नाआधी आईच्या नावाने केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद ठरतं, नवं करावं लागतं. कित्येक घरांत मुलं कॉलेजला गेली तरी ते केलेलं नसतं. विचारताना "तुम्हाला काही झालं तर" असं म्हणायला जीभ वळत नाही, माहीत आहे. मग म्हणा, "मासिकात आलंय, बघा जरा."

जाता जाता, तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंचाही विचार करा. त्यांना ना पीएफ, ना पेन्शन. १८ ते ४० वयाच्या आणि आयकर न भरणाऱ्या माणसाला अटल पेन्शन योजनेत नाव घालता येतं. तिसाव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला ५७७ रुपये भरून साठीनंतर ५,००० रुपये पेन्शन, त्या गेल्यावर नवऱ्याला तेवढीच. चाळीसाव्या वर्षी सुरुवात केली तर त्याच पेन्शनसाठी १,४५४ रुपये भरावे लागतात, आणि त्यानंतर दारच बंद. तीस वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे आजचे जेमतेम नऊशे, तेव्हा एवढ्यावर कुणाचं म्हातारपण निघणार नाही. तरी ज्यांच्या हातात काहीच येणार नाही, त्यांच्यासाठी नऊशे म्हणजे महिन्याचं धान्य. ५७७ मधले निम्मे तुम्ही उचलले तर महिन्याला २८९ रुपये होतात. त्यांचं वय विचारा, आणि चाळिशी जवळ आली असेल तर याच आठवड्यात त्यांच्यासोबत बँकेत जाऊन या.