डब्याचा शॉकअप आणि दुधाचे कॅन

या आठवड्यात स्विंगआर्मच्या बुशवर लिहायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो. डोळखांबकडच्या एका दूधवाल्या वाचकांचा प्रश्न आला आहे, आणि तो गेले कित्येक महिने वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यापर्यंत येतच होता. त्यांच्याकडे स्प्लेंडर आहे. मागचे दोन्ही शॉकअप बसलेत, डाव्यातून तेल गळून चिखलाचा थर धरलाय. गॅरेजवाल्याचा सल्ला असा, की आहेत तसले घालण्यापेक्षा पल्सरचे, बाजूला डबा जोडलेले घाला. गॅसचे असतात, वजन घेतात, कायमची कटकट मिटेल. वाचक विचारतात, "घालू का?"

नका घालू. पण नुसते नको म्हणून भागणार नाही, कारण गॅस वजन घेतो हा समज आसनगाव स्टेशनबाहेरच्या पार्किंगपासून पार टोकावड्यापर्यंत पक्का बसलेला आहे.

मागच्या भागातली दाबून सोडायची परीक्षा या वाचकांनी घरी केली. सीट दाबून हात काढला की गाडी तीन-चार वेळा डोलते आणि मग थांबते. म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे, तेल गेले आहे. आता गाडीचे, तुमचे आणि कॅनचे वजन तोलते ती स्प्रिंग. आतल्या नळीत पिस्टन तेलातून वर-खाली होतो, तेल बारीक भोकांतून जोराने ढकलले जाते आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावरून आल्या आल्या नळीला हात लावा, कोमट लागेल. साध्या नळीत तेलाच्या जोडीला थोडी हवा असतेच. एकामागून एक खड्डे लागले की ही हवा तेलात घुसळली जाते, फेस होतो, आणि फेस त्या भोकांतून फुकटात निसटतो. पिस्टनला अडवणारे काही उरत नाही. गॅसच्या शॉकअपमध्ये हवेच्या जागी नायट्रोजन दाबाने भरला की तेलात बुडबुडे धरत नाहीत, बस्स. फ्रान्समध्ये द कार्बोन नावाच्या संशोधकाने १९५०च्या दशकात मोटारींसाठी हे तंत्र मार्गी लावले. आपल्याकडे बजाजने पल्सरला ‘नायट्रॉक्स’ नावाने दिले आणि तो डबा पोरांच्या डोळ्यांत भरला. चीज चांगली आहे, पण तिचा ओझ्याशी संबंध नावापुरताच.

आणि हे खऱ्या डब्याबद्दल झाले. बाजारात लटकणाऱ्या स्वस्त जोड्यांपैकी कितीतरींचा डबा निव्वळ शोभेचा असतो. निळा, लाल, सोनेरी. आत गॅस नाही, तेल नाही, मुख्य नळीकडे जाणारी वाटसुद्धा नाही. काही तर क्लॅम्पने बांधलेले असतात. दुकानात हातात घेऊन डबा नळीला कुठे जोडलाय तेवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

इथे थोडे आडवाटेला जातो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात क्लॉड फॉस्टर नावाचा एक खटपट्या होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने मोटारीच्या धुराच्या दाबावर सुरात वाजणारा भोंगा काढला आणि त्याला गॅब्रिएल या देवदूताचे नाव दिले. भोंग्यानंतर त्याने ‘स्नबर’ काढला. हा म्हणजे गुंडाळलेला एक जाड पट्टा. चाक वर उसळले की पट्टा निमूट सैल पडायचा आणि गुंडाळला जायचा. चाक परत खाली झेपावू लागले की आवळून धरायचा. वर जाताना अडवणूक नाहीच, सगळी अडवणूक परतीच्या वाटेवर. म्हातारपणी, १९५२ साली, या गृहस्थाने धर्मादाय संस्थांच्या लोकांना जेवायला बोलावले आणि जवळजवळ सगळी पुंजी वाटून टाकली. ‘गॅब्रिएल’ हे नाव लावणारी भारतीय कंपनी १९६१ सालची, आणि नाशिकच्या कारखान्यात ती दुचाक्यांचे शॉकअप बनवते. शहापूरहून कसारा घाट चढला की नाशिक. म्हणजे आपल्या फळीवरचा खोका तसा शेजारूनच येतो.

फॉस्टरच्या पट्ट्याने जे केले तेच आजचा शॉकअप तेलाने करतो. स्प्रिंग दाबली जाताना स्वतःच विरोध करते, तिला मदत फारशी लागत नाही. सुटताना मात्र ती खाल्लेला सगळा धक्का परत फेकते, आणि तिथे तिला कुणीतरी धरावे लागते. सरळगावच्या एका मिस्त्रींनी एकदा स्प्रिंग काढलेली नळी माझ्या हातात दिली होती. नळी उभी धरून रॉड दाबला तर लोण्यात बोट जावे तसा गेला. "आता ओढा," म्हणाले. ओढला तर दोन्ही हात लागले. रॉड सावकाश, एकाच जडपणाने वर आला. मग त्यांनी गळका शॉकअप दिला. तो ओढताना निम्म्यापर्यंत काहीच लागले नाही, मग एकदम अडकल्यासारखा झाला. तो मधला रिकामा पल्ला म्हणजे तेलाची जागा हवेने घेतलेली. "गिऱ्हाईक म्हणतंय स्प्रिंग बदला. स्प्रिंग बदलून काय होतंय? धरणारा मेलाय."

आता दूधवाल्यांचा हिशेब करू. ४० लिटरचे दोन कॅन भरले की नुसत्या दुधाचे ८२ किलो होतात, कारण दूध पाण्याहून किंचित जड. रिकाम्या कॅनचे आणि लोखंडी हुकांचे वजन वेगळे. त्यात चालवणारा ६५ किलोचा धरला तर बेरीज १६० किलोच्या आसपास, आणि त्यातले बरेचसे मागच्या चाकावर. गाडी स्वतः सुमारे ११० किलोची. कंपनीने स्प्रिंग दोन माणसे धरून काढलेली असते, म्हणून भरल्या गाडीला ती कमी पडते ही तक्रार खरी आहे, आणि मग जाड स्प्रिंग घालावीशी वाटते. पण हाच माणूस दूध घालून परत निघतो तेव्हा कॅन खडखडीत रिकामे असतात. सकाळी जाताना बरी वाटलेली जाड स्प्रिंग परतीला प्रत्येक गतिरोधकावर मागचे चाक उडवते. ओल्या रस्त्यावर, त्यातून आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या केजव्हीलने डांबरावर चिखल आणून टाकलेला असताना, उडालेले चाक ब्रेकला जुमानत नाही.

त्यासाठी कंपनीने शॉकअपच्या बुडाशी कडी दिलेली आहे. स्प्लेंडर प्लसला तिचे पाच टप्पे असतात, आणि ती कधी फिरवली आहे असा माणूस मला विरळाच भेटतो. कडी फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे ओझ्याखाली गाडी कमी बसते आणि खड्ड्यात टेकण्याआधी जागा उरते. निघताना चढवा, परतताना उतरवा; दोन्ही बाजूंना टप्पा एकच. कडी मातीने जाम झाली असेल तर डिझेल मारून रात्रभर ठेवा आणि हुक पान्याने फिरवा. छिन्नी-हातोडीने ठोकून खाचा मोडलेल्या कड्या मी खूप पाहिल्यात. मग ती कडी जन्मभर एकाच टप्प्यावर राहते.

दुसरे, कॅन पुढे घ्या. हुक मागच्या आसाच्याही मागे लटकलेले असतील तर ओझे तरफेसारखे काम करते, मागचे शॉकअप जास्त दबतात आणि पुढचे चाक हलके होते. फॅब्रिकेशनवाल्याकडून कॅरिअर चार बोटे पुढे सरकवून घेतला तर जो फरक पडतो तो कुठल्याही डब्याने पडणार नाही.

तरी कुणाला दुसऱ्या गाडीचा शॉकअप घालायचाच असेल तर आधी मोजपट्टी काढा. गाडी मेन स्टँडवर घेऊन वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्या. पाच-सात मिलिमीटरचा फरक चालून जातो. २५ मिलिमीटर लांब घातला तर काय होते पाहा. स्प्लेंडरच्या दोन चाकांतले अंतर सुमारे १२३५ मिलिमीटर. मागची बाजू २५ने उचलली की सगळी गाडी एक अंशाहून जास्त पुढे कलते. ऐकायला क्षुल्लक, पण हँडल लगेच चुळबुळ्या होते. मेन स्टँडवर चाक जमिनीला टेकू लागते, साइड स्टँडवर गाडी जास्त कलंडते (भरल्या कॅनसह कलंडली तर काय होते ते दूधवाल्यांना मी सांगायला नको), आणि चाक खाली लोंबले की चेन स्विंगआर्मला घासते. आखूड घातला तर चाक मडगार्डला लागते. बुशचे भोक आणि रुंदीही जुळली पाहिजे. वॉशर कोंबून बसवलेला शॉकअप तिरपा चालतो आणि रॉड एका बाजूने सील खातो.

मग घ्यायचे काय? आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचा. हिरोच्या गाड्यांना मुंजाल शोवाचे शॉकअप येत आले आहेत, बजाजला वाळूजच्या एन्ड्युरन्सचे. गॅब्रिएल बऱ्याच गाड्यांसाठी सुट्या बाजारात मिळतो. यांतला कुठलाही, जोडीने, पक्के बिल घेऊन. स्प्लेंडर प्लस, सुपर स्प्लेंडर, पॅशन हे दुकानदाराला एकच वाटत असले तरी जुना शॉकअप सोबत न्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी उभे करून पाहा. मुरबाड किंवा शहापुरात मॉडेल मिळाले नाही तर कल्याणला जावे, दोन दिवस थांबावे. आहे त्यात भागवू नये.

भरून घेण्याचा पर्यायही आहे. नळीची कड उघडून नवे सील, नवे तेल. करणारा जाणकार असेल आणि रॉडच्या क्रोमवर गंजाचे टिपके नसतील तर साध्या तेलाच्या शॉकअपला हे चालते. टिपके असतील तर नवे सील पहिल्याच पावसाळ्यात फाटणार. जाड तेल भरण्याचा मोह मात्र फार वाईट. "कडक करून देतो" म्हणून गिअर ऑइल ओतले की दाबून पाहताना शॉकअप झकास वाटतो. खडीच्या रस्त्यावर खरी गंमत: पहिल्या दणक्याने दबलेले चाक परत खाली यायच्या आत दुसरा दणका बसतो, मग तिसरा, शॉकअप दबत दबत खाली जातो आणि तिथेच राहतो, गाडीला स्प्रिंगच नसल्यासारखी. पौषातल्या पहाटे म्हशाच्या जत्रेला निघालात तर थंडीने तेल आणखी घट्ट झालेले असते. गॅसचा खरा डबा मात्र कुणालाही उघडू देऊ नका, आत दाब असतो.

नवी जोडी आडवी पडून राहिलेली असेल तर बसवण्याआधी उभी धरून ठेवा. पहिल्या काही खड्ड्यांत मऊ वाटली तर घाबरू नका, आतली हवा वर गेली की ठीक होते. रॉडवर सायकलची ट्यूब गुंडाळायची पद्धत आपल्याकडे आहे. ती चिखल अडवते, पण ओल धरून रॉड गंजवते. जुन्या बुलेटला पत्र्याचे टोपण असे, ते गेले आणि उघड्या स्प्रिंगची फॅशन आली, त्याला इलाज नाही. धुवायच्या दुकानात प्रेशरचे पाणी सीलवर मारू देऊ नका. घरी आल्यावर ओल्या फडक्याने रॉड पुसा, चिखल वाळायच्या आत.

धसईच्या एका वाचकाने लिहिले आहे की नवे शॉकअप घालूनही वळणावर मागची बाजू शेपटीसारखी हलते. त्यांनी शॉकअपवर आता एक रुपयाही घालू नये. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवून पाहावे आणि खटखट चाकाच्या बेअरिंगमधून येते की स्विंगआर्मच्या बोल्टापाशी, ते कळवावे. स्विंगआर्मचे बुश पुढच्या आठवड्यात, आता नक्की.