चूल, चाक आणि वाऱ्याचा बाण

मुलांनो, परीक्षा संपली, आंबे पिकले, मुंबईचे चाकरमानी गावाला येऊ लागले. म्हणजे आता सुट्टी! आणि सुट्टी म्हटली की दरवर्षी वर्गात एकच घोषणा ऐकू येते, ''बाई, यंदा मी नवा छंद लावून घेणार!'' कुणाला गिअरची सायकल हवी असते, कुणाला अंगणात मांडायचं चकचकीत ग्रिल, कुणाला उडणारा ड्रोन. मुंबईहून येणारा काका भला माणूस असतो, तो वस्तू घेऊनही येतो. आठ दिवस धमाल चालते. मग चतुर्थी जवळ येते, माटवीचं सामान काढायला कुणीतरी माळ्यावर चढतं आणि तीच वस्तू धूळ खात पडलेली हाताला लागते. खाऱ्या हवेने तिला गंजही चढलेला असतो!

म्हणून यंदा आपण जरा वेगळं करू या. पहिला महिनाभर काही म्हणजे काहीही विकत आणायचं नाही. घरात आहे, परसात आहे, शेजाऱ्याकडून मागून मिळतंय, तेवढ्यावरच छंद सुरू करायचा. आणि एक वही करायची. महिन्यानंतरही वही भरत असेल तर आईबाबांकडे हट्ट धरायला माझी परवानगी आहे!

आधी चुलीचं बघू. ग्रिल म्हणजे तरी काय हो? खाली निखारे आणि वर जाळी. पावसाळ्यात आजी चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर सुका बांगडा भाजते आणि गरम पेजेबरोबर वाढते, ते ग्रिलच झालं की! अंगणात कोरड्या चिऱ्याचे तीन तुकडे मांडा, पापड भाजायची जाळी घ्या आणि इंधन म्हणून नारळाच्या करवंट्या. चिरे कोरडेच हवेत, हं. ओल्या दगडाच्या छिद्रांत पाणी असतं, त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला जागा पुरत नाही आणि दगड तडकून त्याचे तुकडे उडू शकतात.

करवंट्या पेटल्या की मोठ्या ज्वाळा उठतात. तेव्हा सगळ्यांना घाई होते, आणि नेमकं तेव्हाच काही ठेवायचं नसतं. ज्वाळ म्हणजे करवंटीतून निघणारे वायू जळत असतात. त्यावर धरलेला पदार्थ बाहेरून काळा होतो, आतून कच्चा राहतो, वर काजळी धरते ती वेगळीच. पंधरा-वीस मिनिटं थांबा. ज्वाळा बसतात, लाल निखारे उरतात आणि त्यांच्यावर राखेचा पांढरट थर दिसू लागतो. आता धग एकसारखी लागते. आमच्याकडच्या आयांना हे कुणी शिकवावं लागत नाही, पण ''का?'' विचारलं तर बऱ्याच जणी हसतात. विचारून बघा!

पहिल्या दिवशी फणसाच्या आठळ्या भाजा. प्रत्येक आठळीला विळीने एक चीर पाडून घ्यायची, आणि ते काम मोठ्यांकडून करून घ्यायचं. चीर नसेल तर? ओल्या दगडाची गोष्ट आठवा. आठळीतल्या पाण्याची वाफ होते आणि 'फट्' करून आठळी उडते. दुसऱ्या दिवशी रताळं. हात बसला की मग बांगडा! मीठ-हळद-तिरफळ लावून तो केळीच्या पानात गुंडाळा. पान आधी निखाऱ्यांवर धरून जरा मऊ केलं म्हणजे दुमडताना फाटत नाही. वहीत लिहा : किती करवंट्या, निखारे व्हायला किती मिनिटं, बांगडा किती वेळ, कुठे करपला.

काजूच्या बियांचं मात्र वेगळं आहे. त्या जाळीवर टाकायच्या नाहीत. आपल्या जिल्ह्यात काजू इतका रुळलाय की वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची नावंच 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशी आहेत. पण हे झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकात इकडे आणलं. काजूच्या टरफलात एक दाहक तेल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात, आणि भाजताना ते पेट घेऊन उडतं. धूरही डोळ्यांना झोंबतो. आंबा आणि काजू एकाच कुळातले, म्हणून तर आंब्याचा चीकही ओठांच्या कडेला उततो! बिया भाजणं हे घरातल्या जाणत्या माणसाचं काम. ते माणूस मोकळ्यावर जुन्या भोकं पाडलेल्या डब्यात बिया भाजतं आणि मग राखेत घोळवतं. राख उरलेलं तेल शोषून घेते. तुम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब उभे राहून बघा.

आता आईबाबांशी दोन शब्द. निखाऱ्यांजवळ एक मोठं माणूस बसलेलं असलंच पाहिजे, मोबाइलमध्ये डोकं घालून नव्हे. बाजूला पाण्याची बादली हवी. रॉकेल-पेट्रोल ओतायचं नाही. जवळ गवताची उडवी किंवा सुक्या झावळ्या नकोत. आणि निखाऱ्यांची शेगडी कधीही बंद खोलीत नेऊ नका, पाऊस आला तरी. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला गुंगी येते आणि कळायच्या आत जीव जातो. एक आणखी, विशेषतः किनाऱ्यावर जेवण करणाऱ्यांसाठी : निखारे वाळूने झाकून निघून जाऊ नका. वरून वाळू साधी दिसते, खाली निखारे तासन् तास धगधगत राहतात आणि मागून येणाऱ्या पोराचा अनवाणी पाय त्यावर पडतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता.

आणि हो, मुलगा चुलीशी बसला म्हणून हसू नका. मुलगी पाना घेऊन सायकल उलटी करून बसली तर तिला भांडी घासायला उठवू नका. कारण आता सायकलकडेच वळायचं आहे.

तुमच्या आईबाबांच्या लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. सीटवर पाय पुरत नसत, मग दांडीखालून पाय घालून वाकडंतिकडं पेडल मारायचं. गुडघे फुटायचे ते निराळंच! आता त्याहून सोपा रस्ता आहे. सायकलची दोन्ही पेडलं काढून ठेवा आणि दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्या. मग नुसतं पायांनी ढकलत चालायचं, हळूहळू पाय उचलून तरंगायचं. ज्या बाजूला पडायला होतं त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं. तोल जमला की पेडलं पुन्हा लावायची. गंमत म्हणजे सायकल जन्मली तीही याच क्रमाने. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी जे दोनचाकी यंत्र काढलं त्याला पेडलच नव्हतं. बसायचं आणि पायांनी पळायचं!

शिकायला जागा कुठली? ओहोटीच्या वेळी चिवल्याच्या किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट असते, पडलं तरी फार लागत नाही. ओहोटीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, नक्की वेळ रापणकरांना विचारा. मात्र भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत जायचं नाही. आपल्या किनाऱ्यावर तांबळडेग, वायंगणी अशा ठिकाणी समुद्री कासवं तिथेच खड्डा करून अंडी घालतात. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, साखळीला मशीनचं तेल द्या. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि त्यावर वाळू बसते. मिठाचं पाणी लोखंडाचं काय करतं ते बघायचंय? तीन खिळे घ्या. एक विहिरीच्या पाण्यात अर्धा बुडवा, एक समुद्राच्या पाण्यात, एक तेल लावून कोरडा ठेवा. चार दिवसांनी वहीत तिघांची चित्रं काढा.

सायकल आली की गणितही येतं, घाबरू नका. टायरवर खडूची खूण करा, चाक बरोबर एक फेरी फिरवा, जमिनीवर अंतर मोजा. समजा ते २ मीटर १० सेंटिमीटर भरलं. म्हणजे किलोमीटरला सुमारे ४७६ फेऱ्या. आता पुढच्या चक्रीचे दात मोजा आणि मागच्या चक्रीचे. समजा पुढे ४४, मागे १८. पेडलची एक फेरी म्हणजे चाकाच्या जवळजवळ अडीच फेऱ्या, म्हणजे सुमारे पाच मीटर. मालवणहून तारकर्ली साधारण सात किलोमीटर. तर न थांबता पेडल मारत गेलं तर किती फेऱ्या? करा हिशेब! माझं उत्तर १,४०० च्या आसपास आलं. पण हे सपाटीवर. कुंभारमाठाचा चढ लागला की आकडे तेच राहतात, फक्त मांड्या भरून येतात. रस्त्यावर जायचं तर डोक्याला हेल्मेट, दोन्ही ब्रेक चालू, घंटी, मागे लाल परावर्तक. मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्या भरधाव असतात, तेव्हा सोबत मोठं माणूस हवंच, आणि दिवेलागणीच्या आत घरी.

सायकलचं वेड माणसाला कुठे नेईल, सांगता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि त्यांना चित्रकला सोडावी लागली. मग ते यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे सायकलने त्यांना भुरळ घातली. भावाबरोबर त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, विक्री आणि दुरुस्तीचं. किर्लोस्कर उद्योग आपलं वय मोजतो ते १८८८ सालापासून, या दुकानापासून. पुढे लोखंडी नांगर आले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्याच १८८८ साली तिकडे बेलफास्टमध्ये जॉन डनलप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. डनलप कोण? गुरांचे डॉक्टर! मुलाची तीनचाकी फार आदळते म्हणून त्यांनी घरच्या घरी रबरी नळीत हवा भरून चाकाला बसवली होती.

आता यंत्रं. इथे मी थोडी कडक आहे. घरातला चार्जर, टीव्ही, पंखा उघडायचा नाही. मोबाइलची बॅटरी टोचायची, वाकवायची नाही, ती पेट घेते. पण स्वतः बनवायचं एक यंत्र सांगते, आणि ते चुलीलाही उपयोगी आहे, सायकललाही. वाऱ्याचा बाण!

शहाळ्याची नळी घ्या. एका टोकाला पुठ्ठ्याचं छोटं टोक, दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याचीच मोठी शेपूट चिकटवा. नळी बोटावर तोलून जिथे समतोल राहते तिथे टाचणी खुपसा, खाली एक मणी ओवा आणि टाचणी पेन्सिलीच्या मागच्या रबरात रोवा. नळी गिरकी घेईल इतकी मोकळी हवी. पेन्सिल मोकळ्या जागी उभी केली की वारा मोठ्या शेपटीला ढकलतो आणि टोक वारा जिकडून येतो तिकडे वळतं.

दिशा आखायला अंगणात एक सरळ काठी रोवा. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली सर्वांत आखूड होते, ती दक्षिणोत्तर रेषा. मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणात एक दिवस असा येतो की सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ही सावली नाहीशीच होते! त्यानंतर काही आठवडे भरदुपारची सावली उत्तरेकडे न पडता दक्षिणेकडे पडते. वर्गात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून काठी रोवायची.

बाणाची नोंद दिवसातून तीनदा करा : सकाळी, दुपारी, रात्री. भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे वाचले आहेत ना? दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा आत येतो. रात्री उलट. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, असं चाले. तुमचंही तसंच होईल. कट्ट्याहून मालवणकडे दुपारी सायकल मारणाऱ्याला वारा तोंडावर घ्यावा लागतो, सकाळी तोच रस्ता हलका वाटतो. आणि संध्याकाळी चूल मांडायची तर घराच्या पूर्वेला मांडा, नाहीतर सगळा धूर माजघरात आणि बोलणी तुम्हाला!

मेअखेरीस बाणावर नीट लक्ष ठेवा. एक दिवस असा येईल की रात्रीही तो फिरून पूर्वेकडे जाणार नाही, समुद्राकडेच तोंड करून राहील. तारीख वहीत लिहा, करवंट्या पडवीत आणा आणि सायकलच्या साखळीला पुन्हा एकदा तेल द्या.