सर्वांत जड मूठ कोणाची?
मुष्टियुद्धातील एका क्रमवारीचा हिशेब

अमेरिकेतील ‘द रिंग’ हे मासिक १९२२ पासून निघते आणि मुष्टियुद्धाच्या जगात त्याच्या शब्दाला मान आहे. या मासिकाने २००३ साली इतिहासातल्या सर्वांत जोरकस ठोसेबाजांपैकी शंभर जणांची क्रमवार यादी छापली. पहिला होता जो लुई, १९३७ ते १९४९ या काळातला हेवीवेट जगज्जेता. दुसरा सॅम लँगफर्ड. तिसऱ्या क्रमांकावर होता वेल्सच्या कोळसाखाणीतून आलेला जिमी वाइल्ड. उंची पाच फूट अडीच इंच, वजन साधारण ४९ किलो. जॉर्ज फोरमन या यादीत नववा आहे. ऐन उमेदीत त्याचे वजन वाइल्डच्या दुप्पट होते. माइक टायसनला तर पहिल्या दहांत जागा नाही.

शरीराने निम्मा असलेला माणूस ठोशाच्या बाबतीत वरचढ कसा ठरतो? याला केवळ जुन्या काळाचे प्रेम म्हणून सोडून देता येत नाही. ‘जोरदार’ म्हणजे नेमके काय, हे ठरवल्याशिवाय ही क्रमवारी लावताच येत नाही.

आधी प्रयोगशाळेत जाऊ. १९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या व्यावसायिक हेवीवेट मुष्टियोद्ध्याचा ठोसा मोजला. मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर आणि आघाताचा कमाल जोर ४०९६ न्यूटन भरला. म्हणजे क्षणभरासाठी सुमारे चारशे किलोचा भार. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंतच्या सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांनी मोजणी-यंत्रे बसवलेल्या पुतळ्याच्या चेहऱ्यावर ठोसे मारले. सरासरी जोर ३४२७ न्यूटन आला. वजनगट वाढला तसा जोर वाढला. मात्र त्याचे मुख्य कारण मुठीचा वेग नव्हते. मुठीमागे शरीराचे जे ‘परिणामी वस्तुमान’ उभे राहते, ते जड माणसांत जास्त भरले. सरासरीने ते २.९ किलो होते. ठोसा पायांतून निघतो, कंबर आणि खांद्यातून फिरतो, आणि टेकण्याच्या क्षणी मनगट, कोपर, खांदा किती घट्ट जोडलेले आहेत त्यावर मागचे किती वजन लक्ष्यापर्यंत पोहोचते ते ठरते. प्रशिक्षक ‘अंग घालून मार’ म्हणतात ते याच अर्थाने.

म्हणजे निव्वळ जोर मोजायचा तर प्रश्न मिटला: पहिले दहाही हेवीवेटच असतील. परंतु स्नायूंचे बळ वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. ते ढोबळमानाने स्नायूच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. त्यामुळे वजन दुप्पट झाले तरी बळ साधारण १.६ पटच होते. किलोमागे हिशेब केला तर लहान माणूस वरचढ ठरतो. वेटलिफ्टिंगमध्ये वेगवेगळ्या वजनगटांची तुलना करण्यासाठी ‘सिंक्लेअर गुणांक’ वापरतात, त्यामागेही हीच जाणीव आहे.

मुष्टियुद्धात असा गुणांक निघत नाही. लोखंडी पट्टी सगळ्यांना सारखीच जड असते, समोरचे डोके तसे नसते. नॉकआउटमध्ये डोके झटक्याने फिरते, आतला मेंदू किंचित मागे राहतो आणि क्षणभर शुद्ध हरपते. हनुवटीच्या टोकाला बसलेला आडवा ठोसा डोके जास्त वेगाने फिरवतो. ठोसा येताना दिसला तर मान ताठ होते आणि धक्का धडात जिरतो. न दिसलेला ठोसा अर्ध्या जोरातही आडवा करतो. म्हणून नेम, वेळ आणि फसवणूक हीदेखील ठोशाच्या ताकदीची अंगे आहेत. न्यूटनच्या आकड्यात ती उतरत नाहीत.

मग नॉकआउटची टक्केवारी घ्यावी का? इथे मोठा सापळा आहे. अर्नी शेव्हर्सने ७४ विजयांपैकी ६८ नॉकआउटने मिळवले, पण १९७७ मध्ये महंमद अली त्याच्यापुढे पंधराही फेऱ्या उभा राहिला आणि जिंकला. दोन वर्षांनी त्याने लॅरी होम्सला सातव्या फेरीत खाली पाडले. होम्स उठला आणि अकराव्या फेरीत लढत त्याच्याच बाजूने संपली. डिऑन्टे वाइल्डरने जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंतचे सर्व ३२ विजय नॉकआउटने मिळवले होते. २०१८ मध्ये बाराव्या फेरीत त्याने पाडलेला टायसन फ्युरी मात्र उठून उभा राहिला. टक्केवारी ठोशाइतकीच प्रतिस्पर्ध्यांची निवडही सांगते.

म्हणून मी चार कसोट्या लावतो. एक, जो माणूस इतरांना पाडता आला नाही तो याच्यापुढे पडला का? दोन, एकच ठोसा पुरला का? तीन, वरच्या वजनगटात गेल्यावर ठोसा चालला का? चार, शेवटच्या फेऱ्यांत आणि उतारवयात तो टिकला का?

तिसरी कसोटी सर्वांत कठोर आहे. लाइट हेवीवेटमध्ये बॉब फॉस्टरने १९६८ साली डिक टायगरला चौथ्या फेरीत गारद केले. टायगरवर नॉकआउटची वेळ साऱ्या कारकिर्दीत तेवढ्या एकदाच आली. हाच फॉस्टर वर जाऊन फ्रेझर आणि अली यांच्याशी लढला, तेव्हा दोन्ही वेळा स्वतःच नॉकआउट झाला. पोर्तो रिकोच्या विल्फ्रेडो गोमेझने सुपर बँटमवेटचे विजेतेपद १७ वेळा राखले, सतराही वेळा नॉकआउटने. १९८१ मध्ये एक पायरी वर चढून साल्वाडोर सांचेझपुढे उभा राहिला आणि आठव्या फेरीत हरला.

या कसोटीवर तिघे उतरतात. वाइल्ड आयुष्यभर आपल्याहून जड माणसांना पाडत राहिला. जेमतेम मिडलवेटच्या अंगाचा बॉब फिट्झसिमन्स १८९७ मध्ये जिम कॉर्बेटला छातीच्या खालच्या खळगीत एक ठोसा मारून हेवीवेट जगज्जेता झाला. तिसरा लँगफर्ड. लाइटवेटपासून सुरुवात करून पाच फूट सात इंचांच्या या कृष्णवर्णीयाने हेवीवेटपर्यंत मजल मारली आणि आपल्याहून कितीतरी उंच हॅरी विल्सला दोनदा नॉकआउट केले. वर्णभेदामुळे त्याला हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. ज्या यादीत केवळ विजेते मोजले जातात, तिथे तो दिसणारच नाही.

माझी क्रमवारी अशी: लँगफर्ड, वाइल्ड, फोरमन, फिट्झसिमन्स, लुई. फोरमनला मी लुईच्या वर ठेवतो. १९७३ मध्ये किंग्स्टनला त्याने अजिंक्य फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले आणि एकवीस वर्षांनी, पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवले. चौथ्या कसोटीला याहून चांगला पुरावा नाही. एकाच ठोशाची कसोटी तेवढी ठेवली, तर मात्र मी व्हर्जिन आयलंड्सच्या ज्युलियन जॅक्सनचे नाव घेईन. १९९० मध्ये स्पेनमध्ये एक डोळा जवळजवळ मिटलेला, लढत थांबण्याच्या बेतात, अशा स्थितीत त्याच्या एका उजव्या ठोशाने हेरॉल ग्रॅहम खाली पडण्याआधीच बेशुद्ध झाला.

या साखळीचा पुढचा दुवा सांगायलाच हवा. जॅक्सनला १९९३ आणि १९९४ मध्ये दोनदा गारद केले जेराल्ड मॅक्लेलनने. ३१ विजय, त्यांतले २९ नॉकआउट. फेब्रुवारी १९९५ मध्ये लंडनला त्याने नायजेल बेनला पहिल्याच फेरीत दोरांबाहेर फेकले. बेन परत आत आला आणि लढत राहिला. दहाव्या फेरीत मॅक्लेलन गुडघ्यावर बसला आणि पंचांनी दहा मोजले. नंतर तो कोसळला. मेंदूतली गाठ काढावी लागली, जीव वाचला. दृष्टी कायमची गेली, ऐकूही फारसे येईनासे झाले.

आपल्या काळातल्या सर्वांत भयंकर ठोसेबाजाला कोणत्याही एका ठोशाने संपवले नाही. दहा फेऱ्यांत साठत गेलेल्या ठोशांनी संपवले. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू लाइटवेटच्या लढतीत चौदाव्या फेरीनंतर असाच गेला, आणि त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या गेल्या. ‘जोरदार ठोसा’ आणि ‘धोकादायक ठोसा’ हे एकच नव्हेत, हे त्यातून खेळाला उशिरा कळले.

अशी यादी पुढे कधी वाचनात आली, तर प्रत्येक नावासमोर पडलेल्या माणसाचेही नाव शोधावे. तो कोण होता, किती वजनाचा होता, पुन्हा उठला की नाही, हे कळल्यावरच त्या क्रमांकाला अर्थ येतो.