गॅझेटातली ११२ विद्यापीठं

भिलाई म्हटलं की मराठी माणसाला पोलाद आठवतं. १९५५चा सोव्हिएत करार, ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, आणि रुळांच्या दक्षिणेला आखूनरेखून वसवलेले सेक्टर. कोहका या आखणीत कधीच नव्हतं. जी. ई. रोडच्या उत्तरेला, सुपेल्याच्या पाठीशी असलेलं हे गाव शहर फुगत गेलं तसं त्याच्या पोटात आलं. आज कोहक्याहून कुरूदच्या किंवा जुनवानीच्या रस्त्याला लागलं की कमानीच कमानी दिसतात: इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंट, बी.एड. रुंगटा समूहाचं कॉलेज याच कोहका-कुरूद रस्त्यावर, शंकराचार्य समूहाचा पसारा जुनवानीला, आणि आणखी पुढे कुटेलाभाठ्याला आयआयटी. कारखान्यानं भिलाईच्या एका पिढीला नोकरी दिली. पुढच्या पिढीला पदवी हवी होती आणि ती द्यायला कोहक्याकडची मोकळी जमीन कामी आली.

या कमानींच्या आत काय आहे ते आधी सांगतो. इमारती आहेत, वर्कशॉप आहेत, प्रयोगशाळा, ग्रंथालयं, वसतिगृहं, बसगाड्या आहेत. इथे बऱ्याच वर्षांपर्यंत नव्हता तो एकच अधिकार: काय शिकवायचं आणि पास कोणाला करायचं हे ठरवण्याचा. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, नेवईच्या छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाकडे. त्याआधी तो रायपूरच्या रविशंकर विद्यापीठाकडे होता. संलग्न कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या हाती अभ्यासक्रम छापून येतो, प्रश्नपत्रिका पाकीटबंद येते, उत्तरपत्रिका तिसरीकडे तपासायला जातात. एखादं प्रकरण जुनाट झालंय, ते वगळून नवं शिकवावं असं त्याला कितीही वाटलं तरी पोरं पहिला प्रश्न विचारणार, "सर, सिलॅबसमध्ये आहे का?" आणि पोरांचं चुकत नाही.

ही तऱ्हा छत्तीसगडची नाही, १८ जुलै १८५७ला कायदा होऊन जन्मलेल्या मुंबई विद्यापीठापासूनची आहे. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तिन्ही विद्यापीठं त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली, म्हणजे शिकवणार कॉलेजं आणि विद्यापीठ घेणार परीक्षा. मुंबई विद्यापीठात स्वतः शिकवणारे विभाग यायला साठेक वर्षं जावी लागली. १९१९मध्ये पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले तेव्हा कुठे सुरुवात झाली. नागपूर विद्यापीठ १९२३चं. दुर्ग-रायपूरचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे रायपूरचं छत्तीसगड कॉलेज १९३८ साली निघालं तेव्हा पेपर नागपूरहून येत. पुढे सागर विद्यापीठ, मग १९६४ पासून रविशंकर. हुकूम सोडणारं गाव बदलत गेलं, हुकमाची रीत तीच राहिली.

उलट टोकाला बर्लिन. १८१०मध्ये हुम्बोल्टच्या पुढाकारानं तिथे जे विद्यापीठ उभं राहिलं त्याचा पाया होता शिकवण्याचं स्वातंत्र्य आणि शिकण्याचं स्वातंत्र्य. संशोधन करणाऱ्यानंच शिकवावं आणि काय शिकवावं हे त्यानंच ठरवावं. आपण आधुनिक विद्यापीठाच्या गप्पा मारतो तेव्हा मनात बर्लिन असतं, कारभार मात्र १८५७च्या मुंबईचा असतो.

आता पदवी देण्याचा हा अधिकार येतो कुठून? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यात कलम २२ आहे. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत दर्जा मिळालेली संस्था, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. कलम २३ तर 'विद्यापीठ' हा शब्द नावात कोणी लावायचा यावरही बंधन घालतं. म्हणजे देशातल्या उच्च शिक्षणाची सगळी किंमत या एका परवान्यात साठलेली. शिक्षक, पुस्तकं, यंत्रं बाजारात मिळतात. परवाना मिळत नाही.

नोव्हेंबर २००० मध्ये जन्मलेल्या छत्तीसगड राज्यानं दोन वर्षांत हा परवाना सोपा करून टाकला. अजित जोगी मुख्यमंत्री असताना २००२ साली खासगी क्षेत्रातल्या विद्यापीठांच्या स्थापनेचा कायदा झाला. त्याच्या कलम ५ नुसार सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढली की विद्यापीठ स्थापन. प्रत्येक विद्यापीठासाठी विधानसभेत वेगळा कायदा नको, चर्चा नको. प्रस्ताव द्यायचा, अधिसूचना निघायची. कलम ६ नुसार त्यांना कॉलेजं संलग्न करून घेता येणार, एकाहून जास्त आवारं काढता येणार. कायद्याच्या व्याख्यांत तर राज्याबाहेरच्या केंद्रांचीही सोय होती. वर्षभरात ११२ विद्यापीठं निघाली. कित्येकांना ना इमारत होती ना आवार. काही एका खोलीतून चालत होती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेलं आहे.

म्हणजे कोहक्याकडच्या कॉलेजात प्रयोगशाळा होत्या पण अभ्यासक्रमावर हक्क नव्हता, आणि रायपुरात एका खोलीला जगातला कुठलाही अभ्यासक्रम आखायचा, कुठलीही पदवी छापायचा हक्क. शैक्षणिक स्वातंत्र्य हवं म्हणून भाषणं करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर अभ्यासावा. स्वायत्तता या खोल्यांना भरपूर होती. ती वापरणारं कोणी आत नव्हतं.

या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले प्रा. यश पाल. दूरदर्शनवरच्या 'टर्निंग पॉइंट'मुळे मुलांच्या प्रश्नांना हसतमुख उत्तरं देणारे आजोबा म्हणून ते पुष्कळांना माहीत. त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक असताना ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत त्यांनी दूरचित्रवाणी पोहोचवली, आणि त्यात छत्तीसगडचा भागही होता. ज्या मुलखातल्या शेतकऱ्यांपर्यंत शिक्षण नेण्यासाठी त्यांनी उपग्रह वापरला, त्याच मुलखातल्या सरकारविरुद्ध तीसेक वर्षांनी वकील द्यावा लागला.

मराठी वाचकाला यश पाल यांची आणखी एक ओळख हवी. १९८६ ते १९९१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, आणि त्या काळात, १९८८ साली, पुण्यात 'आयुका' ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली. संस्थापक संचालक जयंत नारळीकर. कल्पना अशी की सगळ्याच विद्यापीठांना मोठं ग्रंथालय, दुर्बीण, संगणक परवडत नाहीत. तेव्हा एक उत्तम केंद्र काढावं आणि लहान गावातल्या कॉलेजच्या प्राध्यापकानंही तिथे येऊन काही आठवडे काम करावं. आयुका स्वतः पदवी देत नाही. तिथे संशोधन करणाऱ्यांची पीएच.डी. विद्यापीठाच्या नावानं होते. ज्या माणसानं पदवीविना ज्ञानाची जागा उभी करायला हातभार लावला, त्यानं ज्ञानाविना पदवीचं दुकान बंद करायला कोर्टात जावं, यात मला मोठी सुसंगती दिसते.

निकाल ११ फेब्रुवारी २००५ला लागला. सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठानं कलम ५ आणि ६ घटनाबाह्य ठरवली आणि त्यांच्या आधारे निघालेली सगळी विद्यापीठं संपली. जे विद्यार्थी खरोखर शिकत होते, त्यांच्या संस्था राज्यातल्या आधीच्या विद्यापीठांना जोडून घ्याव्यात असंही सुचवलं. राज्याचं म्हणणं होतं, विद्यापीठ स्थापन करणं हा राज्यसूचीतला विषय आहे. न्यायालयाचं म्हणणं असं की आहेच, पण उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय केंद्रसूचीच्या ६६व्या नोंदीत आहे, आणि ज्यात शिकवायची सोयच नाही त्याला विद्यापीठ म्हणता येत नाही. वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षक आधी, नाव नंतर.

या ६६व्या नोंदीचा धागा एका मराठी घरापर्यंत जातो. १९६० साली मॅट्रिक झालेला, काही विषय मराठीतून तर काही इंग्रजीतून शिकलेला एक मुलगा अहमदाबादच्या सेंट झेविअर्समध्ये इंग्रजीतून शिकू लागला. पुढच्या वर्षी गुजरात विद्यापीठानं इंग्रजी माध्यमाला नकार दिला. वडील कोर्टात गेले. 'गुजरात विद्यापीठ विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर' या १९६२च्या निकालात विद्यापीठाला एकच माध्यम लादण्याचा अधिकार नाही असं ठरलं, आणि ६६व्या नोंदीचा अर्थ पक्का झाला. यश पाल खटल्याला तोच आधार कामी आला. गंमत एवढीच की मुधोळकरांच्या खटल्यात विद्यापीठाच्या मनमानीला चाप बसला होता; छत्तीसगडच्या खटल्यात विद्यापीठ या कल्पनेलाच सरकारच्या उदारपणापासून वाचवावं लागलं.

निकाल मोठा आहे, पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. त्यात विद्यापीठाला काय काय असावं याची यादी निघते, आत शिकवणाऱ्याला किती मोकळीक असावी याबद्दल तो फारसं बोलत नाही. न्यायालयासमोर तो प्रश्न नव्हताच. मोकळिकीची गोष्ट ऐकायची तर दुर्गहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसावं आणि जेमतेम तीस किलोमीटरवर राजनांदगावला उतरावं. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध हिंदी शिकवत. घर मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी आणि समीक्षक. गजाननरावांनी लिहिलं हिंदीत. पैशांची चणचण कायमची, म्हणून त्यांनी एक पाठ्यपुस्तकही लिहिलं, 'भारत : इतिहास और संस्कृति'. १९६२मध्ये मध्य प्रदेश सरकारनं त्यावर बंदी घातली. त्या आघातातून ते सावरले नाहीत असं त्यांच्या जवळचे सांगत आले. सप्टेंबर १९६४मध्ये ते गेले, वय शेहेचाळीस.

बंदी सरकारची होती, कॉलेजची नव्हे. त्यांची नोकरी शाबूत राहिली. पण दुसऱ्या दिवशी वर्गावर जाणाऱ्या मास्तराच्या मनाचं काय होतं हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेलं नसतं. अगदी अलीकडे, २०१६मध्ये, बस्तरवर आयुष्यभर संशोधन केलेल्या दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. नंदिनी सुंदर यांचं नाव छत्तीसगड पोलिसांनी सुकमा जिल्ह्यातल्या एका खुनाच्या गुन्ह्यात घातलं. पुरावा मिळाला नाही आणि २०१९मध्ये ते वगळलं गेलं. मधली दोन-अडीच वर्षं कुठल्या संशोधन प्रकल्पात मांडायची?

कोठारी शिक्षण आयोगानं (१९६४–६६) स्वायत्ततेच्या या गुंत्याची उकल मला पटेल अशी केली आहे. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. आयोग म्हणतो, स्वायत्तता तीन पातळ्यांवर असते. सरकार आणि बाहेरच्या सत्तांपासून एकूण विद्यापीठव्यवस्थेची. व्यवस्थेत एकेका विद्यापीठाची. आणि विद्यापीठाच्या आत विभागांची, कॉलेजांची, शिक्षक-विद्यार्थ्यांची. आपल्याकडे आरडाओरडा होतो तो पहिल्या दोन पातळ्यांवर. महाराष्ट्रात २०२१ साली मंत्र्याला प्र-कुलपती करणारी दुरुस्ती आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. पुढच्या वर्षी ती मागेही घेतली गेली. पण तिसऱ्या पातळीवर, म्हणजे कुलगुरूंपासून लेक्चररपर्यंत मोकळीक किती झिरपते, यावर मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

कोहक्याच्या रस्त्यावर आज स्वायत्ततेच्या तीन तऱ्हा शेजारीशेजारी नांदताना दिसतात. कुटेलाभाठ्याच्या आयआयटीला संसदेच्या कायद्याचं कवच आहे. २०१६मध्ये रायपूरजवळच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सुरू झालेली ही संस्था आता स्वतःच्या विस्तीर्ण आवारात आली आहे आणि तिचा अभ्यासक्रम तिची सिनेट ठरवते. काही जुन्या कॉलेजांना विद्यापीठ अनुदान आयोगाकडून स्वायत्त दर्जा मिळालाय, म्हणजे अभ्यासक्रम नि परीक्षा आपली, पदवीवर सही नेवईची. ही सोयही कोठारी आयोगानंच सुचवलेली. आणि २००५च्या निकालानंतर राज्यानं नवा कायदा केला. त्याखाली खासगी विद्यापीठ विधिमंडळाच्या मंजुरीनं निघतं, गॅझेटच्या एका ओळीनं नाही. जुनवानीला आता असं विद्यापीठ आहे. ज्या अधिकाराची या पट्ट्यातल्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली तो आता दाराशी आलेला आहे.

तो वापरणार कोण, हे मात्र अभ्यासमंडळाच्या बैठकीत कळेल. तिथे संस्थाचालकांच्या मनातलं बोलणारे किती, कंपन्यांनी हव्या म्हणून सांगितलेल्या कौशल्यांची यादी वाचून दाखवणारे किती, आणि "हा विषय चालणार नाही, पण शिकवायला हवा" असं म्हणून पुढच्या वर्षीही नोकरीत राहणारे किती. प्रवेशाच्या दिवसांत मुलामुलींना घेऊन इथे येणारे पालक अनुदान आयोगाच्या यादीत विद्यापीठाचं नाव तपासून बघतात, तेवढं तरी ११२ प्रकरणानं शिकवलं. अभ्यासमंडळाची इतिवृत्तं मागणारा पालक मला अजून भेटायचाय.