अर्धे सूर तुझे, अर्धे माझे

एका वाद्याचे अर्धे सूर तुमच्याकडे आणि उरलेले मित्राकडे, असं असेल तर? त्यानं दांडी मारली की गाणंच बंद! पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर, सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवराकाठी राहणारे आयमारा लोक पिढ्यानपिढ्या असंच वाजवत आलेत.

वाद्याचं नाव सिकू. कमी-जास्त लांबीच्या वेताच्या नळ्या ओळीनं बांधायच्या आणि वरून फुंकर मारायची. रिकाम्या बाटलीवर फुंकून आवाज काढलाय ना कधी? तेच तंत्र. पण सिकू जोडीनं येतं. एक भाग 'इरा', त्यात बहुधा सहा नळ्या. दुसरा 'आर्का', त्यात सात. लागोपाठचे सूर दोघांत वाटलेले. एकानं सूर सोडला की दुसऱ्यानं उचलायचा. विरळ हवेत दम खायला उसंत मिळते, हा बोनस!

अमेरिकन संगीत अभ्यासक थॉमस ट्युरिनो १९८०च्या दशकात पेरूतल्या कोनिमा भागात राहिले, तिथल्या लोकांबरोबर वाजवलं. त्यांच्या १९९३च्या पुस्तकातली एक गोष्ट भन्नाट आहे. सणाच्या दिवशी गावातला कुणीही पुरुष घोळक्यात शिरून वाजवू शकतो. नवखा चुकला तरी त्याला कुणी तोंडावर टोकत नाही. सोलोची हौस इथं चालत नाही; सगळ्यांचा मिळून एकच आवाज यायला हवा. नवी धूनसुद्धा सणाआधी सगळे बसून रचतात. बायका मात्र परंपरेनं नाचणार, वाजवणार नाहीत.

पोटापाण्यासाठी यातले अनेक जण राजधानी लिमाला गेले. तिथं डोंगराकडचे म्हणून त्यांना हिणवलं जायचं. त्यामुळे सिकू चारचौघांत वाजवायचं म्हणजे लाजच. १९७०च्या दशकात चित्र पालटू लागलं. कॉलेजच्या पोरांनी ग्रुप काढले आणि सिकू अभिमानानं रस्त्यावर आणलं. पुढे शहरी ग्रुपमध्ये मुलीही वाजवू लागल्या.

पण शहरात रिहर्सल कडक झाली, चुका काढल्या जाऊ लागल्या. वाजवणं सफाईदार झालं, तसा नवख्याला घोळक्यात शिरायचा मार्गही अरुंद झाला.

भारी वाजवायचं की सगळ्यांना सोबत घ्यायचं? कोनिमाकरांचं उत्तर ठरलेलं आहे: सगळे आले, मनसोक्त वाजवलं, म्हणजेच भारी झालं. पुढच्या फेस्टसाठी ऑडिशन घेताना हे एकदा आठवून बघा.