स्वमग्न मुलांची गोष्ट सांगणार कोण?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले, पुढे उर्मिला पवारांचे ‘आयदान’. आपले जगणे आपणच सांगायचे, हे आपल्या चळवळीला नवे नाही. पण आपल्याच वस्तीतल्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाची गोष्ट आजही शिक्षक सांगतात, डॉक्टर सांगतात, फार तर आई सांगते.

‘स्वमग्न’ हा शब्दच बघा. स्वतःत बुडालेला. हे नाव बाहेरून बघणाऱ्याने दिले आहे. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न व्यक्तींना माणसे हवी असतात. पण कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटचा उजेड, गर्दीतला स्पर्श हे सगळे एकदम अंगावर येते. हा आजार नाही, मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. आईच्या दुर्लक्षामुळे ती होत नाही, लसीमुळेही नाही. ही आतली बाजू जगाला कळली ती स्वमग्न माणसे लिहू लागल्यावर. भारतात वाढलेल्या, तोंडाने जवळजवळ न बोलणाऱ्या टिटो मुखोपाध्यायचे पहिले पुस्तक २००० साली आले, तेव्हा तो लहान मुलगा होता.

टिटोची आई उच्चशिक्षित. आमच्या भिवंडीतल्या वडपे परिसरात महामार्गालगतच्या गोदामांत पॅकिंगला जाणाऱ्या आईला मात्र ‘बापही उशिराच बोलला होता’ एवढेच ऐकायला मिळते. शाळेत मूल ‘हट्टी’ ठरते. मग गंडादोरा होतो, आणि तोही भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या घरात!

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. तिथल्या कृष्णवर्णीयांचा याबाबतचा अनुभवही आपल्या ओळखीचा वाटेल. गोऱ्या मुलाच्या ज्या वागण्याला डॉक्टर लक्षण म्हणत, तेच काळ्या मुलात बेशिस्त ठरे. निदान वर्षानुवर्षे उशिरा होई. त्यावर २०१७ मध्ये लिडिया ब्राऊन, ई. अश्केनाझी आणि मोरेनिके गिवा ओनाइवू यांनी ‘ऑल द वेट ऑफ अवर ड्रीम्स’ हा संग्रह काढला. त्यातले लेखक-कलावंत स्वतः स्वमग्न आणि गौरेतर आहेत. कविता, लेख, चित्रे, सगळे त्यांचेच. वंश आणि स्वमग्नता वेगवेगळ्या खणांत ठेवता येत नाहीत, हे त्यांनी दाखवले. जातीचे वेगळे काय आहे?

कायद्याचे थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. कार्यकर्त्यांनी हे अर्ज भरायला बसावेच.

पण अर्जात गोष्ट मावत नाही. २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागृती दिन, आणि बारा दिवसांनी भीमजयंती. डीजेच्या भिंतीसमोर कान दाबून रडणारे मूल मिरवणुकीतून घरी नेले जाते आणि जयंती त्याच्याशिवाय होते. (डीजेवर बोललो की तरुण मंडळी रागावतात, हे ठाऊक आहे.) मिरवणुकीचा पहिला अर्धा तास फक्त लेझीम का असू नये? आणि विहाराची एक भिंत या मुलांच्या चित्रांसाठी ठेवू. बोलणारा बोलेल, न बोलणारा काढेल किंवा मोबाइलवर टाइप करेल. चित्राखाली नाव त्याचे. ओळ लिहायची तर त्याची. आईने सुचवायची नाही, आम्हीही नाही.